काळं म्हणायचं, लाल पाळायचं

सर, तुमच्या तेरवीला मी जेवायला आले नव्हते. चौकशीला आले होते.

हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वंदने, 'चौकशी' अन् 'विचारपूस' यात फरक काय?" आणि मी उत्तर देण्याआधीच तुम्हीच दिलं असतं: विचारपूस माणसाची करतात, चौकशी गुन्ह्याची. म्हणून शब्द बदलत नाही. चौकशीच होती. काकू पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगणात पंगत चालू होती, तुमच्या फोटोला हार होता, आणि माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे जात होती. त्या कपाटात तुमच्या सगळ्या प्रश्नपत्रिकांची फाइल असते हे मला ठाऊक होतं. प्रश्न पुन्हा पडू नये म्हणून तुम्ही दर परीक्षेची एक प्रत ठेवायचात.

मला एकाच वर्षाचा कागद पाहायचा होता. अकरावीची वार्षिक परीक्षा, इंग्रजी. बावीस वर्षं एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसून आहे: मी त्या वर्षी पास झाले होते, की तुम्ही मला पास केलं होतं?

तुम्हाला हा प्रश्न हास्यास्पद वाटला असता. आमच्या घरात मात्र आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाबा पिठाच्या चक्कीवर होते आणि आई आर्वीच्या बाजारात पोतं अंथरून गेरू, चुना, रांगोळी विकायची. आईनं अकरावीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "नापास झाली तं माह्यासंग पोत्यावर बसजो. मंग कालेज-बिलेज नाई." ती रागानं नव्हती बोलली. जागा रिकामी आहे, एवढंच सांगत होती. पुढचं सगळं, म्हणजे बारावी, बीए, बीएड, ही नोकरी, बोरगाव मेघेतलं हे दोन खोल्यांचं घर, त्या एका निकालावर उभं आहे. आणि तो निकाल होता पस्तीस. बरोबर पस्तीस, ना एक कमी, ना एक जास्त. असा आकडा पाहिला की कोणालाही वाटतं, मागून कोणीतरी ढकललंय.

संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत. इंग्रजीच्या तासालाही तुम्ही दोन मराठी समानार्थी शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचात आणि चोरांना उभं करावं तसं त्यांच्याकडे पाहायचात. "दोघं म्हणतात आमचा अर्थ एकच. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलून राह्यला. कोण, ते सांगा." एकदा 'रिकामा' आणि 'मोकळा' होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बोट दाखवलंत. "एसटी रिकामी असते, रस्ता मोकळा असतो, अन् मागच्या बाकावरचा प्रवीण रिकामटेकडा." वर्ग हसला. प्रवीण सगळ्यांत जास्त हसला. त्या दिवसापासून कोणी मला 'तू मोकळी आहेस का' म्हणालं की मी आधी तो शब्द तपासते, मग माणूस.

म्हणूनच चार वर्षांपूर्वी वर्ध्याच्या प्रशिक्षणात 'रुब्रिक' हा शब्द आला, तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. आम्ही पन्नासेक शिक्षक होतो. प्रत्येकाच्या हातात मूल्यमापनाचा एक तक्ता दिला. उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक घरात बारीक अक्षरं. वर लिहिलं होतं: रुब्रिक. माझ्या शेजारच्या गुरुजींनी खात्रीनं सांगितलं, "तो रंगीबेरंगी ठोकळा नाई का, फिरवून फिरवून एका रंगाचा करतात? तोच. पोराइची बुद्धी मोजाले दिला असन." चौकोन पाहून खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. कोणीतरी हात वर करून अर्थ विचारला. प्रशिक्षक म्हणाले, "रुब्रिक म्हणजे रुब्रिक. वरून आलंय. भरा." वरून आलंय म्हटल्यावर पन्नास माणसांनी पेनं काढली.

जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला फोन केला.

"फोनवर शब्द सांगायचा नसतो," तुम्ही म्हणालात. "रविवारी ये. अन् येताना उपाशी येजो, काकू सांभारवडी करून राह्यली."

मी रविवारी आर्वीची गाडी धरून आले. तुम्ही तुमच्याकडचे तिन्ही शब्दकोश आधीच उघडून ठेवले होते, मध्ये खुणेला काड्यापेटीच्या काड्या. मी बसायच्या आतच तुम्ही सुरू झालात.

"पाय, हा कसा आरोपी आहे. इथे म्हणतो, मी शीर्षक. तिथे म्हणतो, मी नियम. तिसऱ्या ठिकाणी वर्ग, चौथ्या ठिकाणी सूचना. आपल्याकडे आला की आणखीच. पेपरवाल्याकडे मथळा, पुस्तकात शीर्षक, अर्जात सदर, पोलिसाकडे कलम, शाळेत नियम, अन् शासनाकडे निकष. एका माणसाची एवढी नावं कधी असतात?"

"कधी?"

"तो फरार असतो तेव्हा."

काकू आतून म्हणाल्या, "पोरीले आधी पानी तं प्यू द्या. फरार काय आत्ताच पळून राह्यला?"

मग तुम्ही आवाज खाली आणलात. तुमचं खरं सांगणं नेहमी खालच्या आवाजात असायचं. पूर्वी पोथ्या हातानं उतरवायचे, तुम्ही म्हणालात. आपल्याकडेही आणि तिकडे युरोपातही. मजकूर काळ्या शाईत. पण अध्याय कुठे सुरू होतो, कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, हे सगळं लाल रंगात. वर लिहिलं म्हणून ते शीर्षक झालं, आणि त्यानुसार वागायचं म्हणून नियम. "काळं म्हणायचं, लाल पाळायचं. हा त्याचा गाव. आता मूळ पुरुष सांगतो." तुम्ही तिसरा कोश माझ्याकडे सरकवलात. "हा लाल रंग ज्या मातीतून यायचा, ते त्या मातीचं नाव आहे. लाल माती. तुझ्या आईच्या पोत्यावरची. गेरू."

सर, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा नाही. शाळेत मला 'गेरू' म्हणायचे. बाजारातून येऊन मी तशीच वर्गात बसायची. आईला पुड्या बांधून दिलेल्या असायच्या, नखांत लाल राहायचं. तुम्ही ते नाव ऐकलेलं होतं. मला वाटलं, तुम्ही हे आत्ता, माझ्यासाठी, बनवलंत. पूर्वी मार्क दिले, आता अर्थ देताय. गरिबाच्या पोरीला इंग्रजी शब्दाच्या तळाशी तिच्या आईचं पोतं सापडावं, हे फारच सोयीचं होतं.

"सर, हे पुस्तकात आहे की तुमच्या मनात?"

"वाच की. समोर आहे."

मी म्हणाले, चष्मा आणला नाही. चष्मा पिशवीत होता. खरं निघालं नसतं तर तुमच्या तोंडाकडे कसं पाहायचं, ही भीती होती. तुम्ही पिशवीकडे पाहिलंत, मग कोशाकडे. कोथिंबिरीची ती सांभारवडी जास्तीची वाढलीत.

पुढच्या आठवड्यात मी वर्ध्यात एका वाचनालयात जाऊन तो मोठा कोश मागितला. उभ्यानंच वाचलं. होतं. लाल माती. तुम्ही एक अक्षर पदरचं घातलेलं नव्हतं. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर आधी संशय घेतला होता हे सांगावं लागलं असतं. आता सांगते. माफी मागत नाही, कारण खात्री करून घेणाऱ्यानं माफी मागू नये, हेही तुमचंच. पण त्या दिवशी कोश मिटताना मला पहिल्यांदा वाटलं की एका बाबतीत मी चुकले असेन, तर दुसऱ्याही बाबतीत चुकले असेन का?

दुसरी बाब म्हणजे ती परीक्षा.

त्या पेपरात पाचवा प्रश्न लेखनाचा होता. चार विषय, त्यांतले कोणतेही दोन लिहायचे. प्रश्नाच्या डोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नाही. पेपरच्या अगदी वर, नावाच्या खाली, 'सगळे प्रश्न सोडवणे आवश्यक' असं होतं. मी तेवढंच वाचलं आणि घाबरून चारही लिहिले. पोस्टमास्तरला पत्र. जत्रेचं वर्णन. झाडांचं महत्त्व. आणि शेवटी 'आमचा आठवडी बाजार'. पहिली दोन रडतखडत झाली. चौथं लिहिताना मात्र हात पळत होता. गेरूचा इंग्रजी शब्द येत नव्हता म्हणून मी 'लाल माती जी घराला लावतात' असं तीन-चार शब्द जोडून लिहिलं होतं. त्यात इतका वेळ गेला की व्याकरणाचा अख्खा प्रश्न कोरा राहिला.

बाहेर आल्यावर मैत्रिणींनी सांगितलं, दोनच होते. आणि तुमचा नियम सगळ्या शाळेला पाठ होता. जास्तीची उत्तरं लिहिली तर सर पहिली दोन तपासतात, बाकीच्यांवर आडवी रेघ मारतात. 'सूचना न वाचणाऱ्याची शिक्षा' म्हणायचात तुम्ही. त्या रात्री मी बोटांवर मोजलं. कितीही उदार होऊन मोजलं तरी तिशीच्या वर गाडी जाईना.

निकाल लागला, पस्तीस.

तेव्हा मी विचारलं नाही. कोण विचारतं? विचारलं ते बीए झाल्यावर, पेढे घेऊन आले तेव्हा. "सर, खरं सांगा. अकरावीत तुम्ही मला पास केलं ना?"

तुम्ही पेढा अर्धा केलात. "मी कोण पास करणारा? नियमात बसलीस, झालीस."

'नियमात बसलीस.' या दोन शब्दांवर मी पुढे वर्षानुवर्षं संशय घेतला. बसले, की बसवलं? तुमच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मी घरी येऊन ठरवून टाकलं की तुम्ही दया केलीत. आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यशाच्या खाली एक बारीक ओळ लिहिलेली राहिली: सौजन्य, सर. नोकरी लागली, सौजन्य, सर. लोक माझ्यासमोर म्हणायचे, 'गेरूवालीची पोरगी स्वतःच्या हिमतीवर शिकली', तेव्हा मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं विनय आहे. सर, मी तुमची कृतज्ञ होते, खूप होते. पण अशा कृतज्ञतेत थोडा रागही असतो. तो तुम्हाला दिसला असेल तर दिसला.

आपलं शेवटचं भांडण यंदाच्या संक्रांतीनंतरचं. मी तिळगूळ घेऊन आले होते. रुब्रिकवरून पुन्हा जुंपली. माझं म्हणणं होतं की शीर्षक आणि नियम एका शब्दात कोंबणं चूक आहे. शीर्षक फक्त नाव सांगतं, नियम हुकूम सोडतो. तुम्हाला बोलताना दम लागत होता, तरी तुम्ही ऐकेनात.

"अगं, वर लिहितात म्हणून ते शीर्षक नसतं. खाली जे जे येईल त्या सगळ्यांना ते लागू असतं, म्हणून ते वर लिहितात. नियमाचंही तेच. सगळ्यांना लागू नसेल तो नियम नव्हे."

"मग काय?"

"मग वशिला."

"सर, हे वकिली बोलणं झालं."

"झालं तर झालं. 'सर्वांना लागू', एवढं लक्षात ठेव. बाकी कोश रद्दीत दे."

माझी गाडी निघायची वेळ झाली होती. मी चप्पल घालताना म्हणाले, "उरलेलं भांडण पुढच्या वेळी." तुम्ही हात हलवलात. पुढच्या वेळी तुम्ही फोटोत होतात.

तर तेरवी. पंगती उठल्यावर काकूंनीच मला आत बोलावलं. "तीनही कोश तुह्या नावानं सांगून गेले. अन् हे कागदायचे गठ्ठे. तू मास्तरीन आहेस, कामाचे असन तं ने. नाईतर रद्दीवाला येऊन राह्यला उद्या." मी फाइल मांडीवर घेतली. काकू समोर होत्या, त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि मी मात्र वर्ष शोधत पानं उलटत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी हात थांबला नाही.

सापडला. कडा पिवळ्या पडलेल्या. पाचव्या प्रश्नाच्या डोक्यावर 'कोणतेही दोन'. आणि बाजूच्या समासात, तुमच्या तिरप्या अक्षरात, लाल शाईनं तीन ओळी:

'सगळी तपासावीत. चांगली दोन धरावीत. सर्वांना लागू.'

मी तो कागद उजेडात धरला. शाई पाहिली. हो सर, पाहिली. शाई कधीची, हे मला कळणार नव्हतं, तरी पाहिली. तारीख नव्हती. पेपर काढताना लिहिलं होतंत? की तपासताना? की खूप नंतर, कधीतरी वंदना हा कागद शोधत येणार हे ओळखून? तुमच्यासारख्या माणसाचा भरवसा नाही.

बाहेर प्रवीण पत्रावळी गोळा करत होता. तोच, रिकामटेकडा. आता त्याचं आर्वीत किराणा दुकान आहे आणि तो क्षणभर रिकामा नसतो. मी त्याला बाजूला घेतलं.

"प्रव्या, अकरावीत इंग्रजीत तुले किती होते?"

"बाई, सर आत्ता तं गेले, अन् तू माह्या मार्कशीटवर कुठी आली?"

"सांग ना."

"त्रेचाळीस. माह्या आयुष्यातले सगळ्यात जास्त इंग्रजीचे. आईनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाले चादर बोलली होती. पास झालो म्हून आमी सगळे चढवाले गेलतो. टेकडीवर चढता चढता माह्या बापाचा जीव जाऊन राह्यलता."

"लेखनाचे किती लिहिले होते तू?"

"तीन. टाइम उरला म्हून. सुट्टीत सरनं मले रस्त्यात पकडलंबी होतं. 'तिसरं कोणाचं पाहून लिहिलं?' म्हने. म्या म्हनलं, सर, बाजूले हे वंदना होती. तिचं पाहून लिहिलं असतं तं पास झालो असतो का?" आणि तो हसता हसता रडायला लागला. पत्रावळींचा ढीग हातात तसाच होता.

तिसरं. म्हणजे तुम्ही त्याचं तिसरंही वाचलं होतं. आडवी रेघ नव्हती मारली. सगळ्या वर्गाची जास्तीची उत्तरं तुम्ही वाचली होती. बावीस वर्षं प्रवीणला वाटत राहिलं की चादर पावली, आणि मला वाटत राहिलं की सर पावले. पावलं होतं ते मी लिहिलेलं चौथं उत्तर. माझा बाजार. मार्क माझ्याच ओळींचे होते.

तरी एक काटा राहिलाच. इतक्या वर्षांचा नियम तुम्ही त्याच वर्षी का बदललात?

त्याचं उत्तर घरी मिळालं. आई आता माझ्याकडे राहते. बाजार सुटला, पण दिवाळीला दारापुढच्या पट्ट्याला गेरू स्वतःच कालवते. मी तेरवीहून आले, तिला कागद दाखवला, सगळं सांगितलं. तिला अक्षरं येत नाहीत. लाल ओळींवर बोट फिरवत ती म्हणाली, "म्या गेलती ना तवा त्यायच्याकडे."

"कोणाकडे? कधी?"

"सरकडे. निकालाच्या आधी. तू चार दिस रडून राह्यली होती. म्या गेरूची पुडी घेतली, चांगला गेरू, अन् गेली. म्हनलं, पोरीनं सगळं लिहिलं, जास्तीचंच लिहिलं, चोरी तं नाई केली? जास्त काम केलं तं मजुरी काऊन कापता?"

मी तिच्यासमोर खाली बसले. "मग? काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? भल्ला कडक मानूस. म्हने, बाई, तुह्या पोरीसाठी म्या एक मार्कबी वाढवनार नाई. पानी पाजलं, पुडी वापस देल्ली, अन् लावलं वाटेले. म्या दोन वर्स त्यायले रामराम नाई घातला. अन् तू पास झाली तं म्हनलं, पाय, पोरगी आपल्या बळावर झाली, त्या मास्तरानं काई केलं नाई."

"तू मला कधी सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू? मांगाले गेली अन् हात हलवत आली, हे सांगाची गोष्ट हाये?" मग कागद माझ्या हातात देत म्हणाली, "जाता जाता एक म्हनले होते. बाई, तुमचं म्हननं चूक नाई. नियमच वाकडा असन तं नियम सीधा करीन. पन करीन तं सगळ्याइचा करीन. मले वाटलं, नाई म्हनाची मास्तराची रीत असन."

सर, एकाच निकालावरून एका घरात दोन उलट संशय बावीस वर्षं नांदले. मी समजत होते, सगळं तुम्ही केलं. ती समजत होती, तुम्ही काहीच केलं नाही. तुम्हाला दोन्ही ठाऊक असणार. आणि तुम्ही पेढा अर्धा करून गप्प बसलात. का? आईची फेरी माझ्यापासून झाकायची होती म्हणून? की अनेक वर्षं वाकडा नियम चालवला, किती पोरांच्या चांगल्या उत्तरांवर रेघा मारल्या, हे एका बाजारवालीनं दाखवून दिलं, ते कबूल करणं जड गेलं म्हणून? मला दुसऱ्या कारणाचा जास्त संशय आहे. तुम्ही फार मानी होतात. एका वाक्यात मला सोडवता आलं असतं तुम्हाला. याबद्दल मी रागावलेली आहे, आणि हा राग कुठे नेऊन ठेवू ते कळत नाही.

पण परवा भाकरी थापताना एकदम दोन शब्द शेजारी उभे राहिले. तुम्ही फळ्यावर उभे केले असतेत तसे. 'माझ्यासाठी' आणि 'माझ्यामुळे'. दोघंही म्हणतात, आमचा अर्थ जवळपास एकच. बावीस वर्षं मी पहिल्यावर विश्वास ठेवला. खोटं तोच बोलत होता. तुम्ही माझ्यासाठी काही केलं नाहीत. माझ्यामुळे केलंत, आईमुळे केलंत, आणि सगळ्यांसाठी केलंत. एकट्याला मिळालं असतं तर मी त्याखाली आयुष्यभर वाकले असते. सगळ्यांना मिळालं त्याखाली सरळ उभं राहता येतं. मी पास झाले होते, सर. हे तुम्हाला ठाऊकच होतं. मला आत्ता कळलं.

तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. काल आमच्या शाळेत चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढल्या. लेखनाच्या प्रश्नाच्या डोक्यावर मी लाल पेनानं, तुमच्याच शब्दांत, तीन वाक्यं लिहिली. सगळी तपासावीत. चांगली दोन धरावीत. सर्वांना लागू.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. आमचे मुख्याध्यापक वाईट नाहीत, पण नवीन ओळ दिसली की ते तिच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात. "मॅडम, हा नियम कोठून आला? आपल्याकडे तर नव्हता."

मी खोटं बोलले नाही, सर. शब्द तपासून बोलले.

"वरून आलाय," मी म्हणाले.

त्यांनी लगेच सही केली.